आपली पाठ पुढे करणाऱ्या ताईंस

आदरणीय ताई,
सप्रेम नमस्कार.

गेल्या आठवड्यात आमच्या लेकीचे वजन १४ किलो भरले. काट्यावरचा आकडा स्थिर होईपर्यंत मी श्वास रोखून उभी होते, आणि तो स्थिर झाला तेव्हा मला पहिल्यांदा तुमची आठवण झाली. वजनाचा आणि तुमचा संबंध काय, असे कोणी विचारील. पण ज्या घरात सिस्टिक फायब्रोसिसचे, म्हणजे छातीत चिकट कफ साठवणाऱ्या आणि पचन बिघडवणाऱ्या जन्मजात आजाराचे मूल आहे, त्या घराला हे समजावून सांगावे लागत नाही. छातीतला चिकट कफ रोज निघाला तर तिथे जंतू कमी माजतात, ताप-खोकल्यात झिजणारी शक्ती वाचते, खाल्लेले थोडे तरी अंगी लागते. पाठीवर थापा देऊन तो कफ रोज काढायला मला तुम्ही शिकवलेत. तुमचे नाव मी इथे लिहीत नाही, कारण तुमचा स्वभाव मला थोडाफार कळला आहे आणि तुम्ही संकोचाल. तरी हे पत्र उघड लिहायचे ठरवले; ज्यांनी आम्हाला वाईट वागवले त्यांच्याविषयी मी गेली काही वर्षे चारचौघांत बोलत आले आहे, आणि तुमच्याविषयी मात्र फक्त आमच्या स्वयंपाकघरात बोलले जाते, हे मला बरोबर वाटेनासे झाले.

तुमच्यापर्यंत पोहोचायला आम्हाला जवळजवळ दोन वर्षे लागली. लेक तिसऱ्या महिन्यापासून खोकत होती. भूक चांगली होती, पेज, वरणभात, केळे, काही म्हणून नाकारायची नाही, तरी हातपाय काडीसारखे राहिले आणि शौच तेलकट, उग्र वासाचे व्हायचे. माझ्या सासूबाई तिचा पापा घेतल्यावर दर वेळी ओठ पुसत म्हणायच्या, "पोरीची कातडी मिठासारखी लागते गं." एप्रिलच्या उन्हात तर तिच्या कपाळावर घाम वाळून पांढरी कणी दिसायची. धीर करून त्यांनी हे एका डॉक्टरांपुढे सांगितले, तेव्हा ते हसले आणि म्हणाले, "आजी, घाम खारटच असतो." त्यानंतर सासूबाईंनी कुठल्याही दवाखान्यात तोंड उघडले नाही. पुढे मी वाचले की न्यूयॉर्कमध्ये उन्हाच्या लाटेत कोलमडलेली ही मुले तपासताना पॉल दि सांत'आग्नेसे या डॉक्टरांना त्यांच्या घामातल्या जास्तीच्या मिठाचा उलगडा झाला आणि तो त्यांनी १९५३ मध्ये प्रसिद्धही केला. घाम गोळा करून त्यातले मीठ मोजण्याची खात्रीची चाचणी १९५९ पासून आहे. सातवीपर्यंत शिकलेल्या एका बाईच्या जिभेला जे कळले होते, ते ऐकून घ्यायला एक मिनिट दिले असते, तर माझ्या मुलीच्या फुप्फुसांची दीड वर्षे वाचली असती. हा राग माझ्या मनातून अजून गेलेला नाही आणि तो गेला आहे असे मी लिहिणार नाही.

दुसऱ्या ठिकाणी क्षयाची औषधे सहा महिने दिली, एकाही तपासणीत जंतू सापडलेला नसताना. तिसऱ्या ठिकाणी मला विचारले, "तुम्ही नोकरी करता का?" मी हो म्हटल्यावर पुढचे काही विचारलेच नाही, पाळणाघराचे आजार आहेत, आईने घरी राहावे, एवढे सांगून आम्हाला उठवले. शेवटी ज्या डॉक्टरांनी घामाची चाचणी लिहून दिली, त्यांचे आभार मी स्वतंत्रपणे मानले आहेत. त्या चाचणीत क्लोराइड, म्हणजे मिठातला एक घटक, लिटरला ६० मिलिमोल किंवा त्याहून जास्त आले की या आजाराचे निदान करतात. आमच्या लेकीचे ९८ आले. घरी परतल्यावर सासूबाईंनी तो इंग्रजीतला कागद हातात घेतला, वाचता आला नाही तरी बराच वेळ पाहिला, आणि म्हणाल्या, "म्हणजे मी खोटं बोलत नव्हते." त्याच दिवसापासून नातेवाइकांत आणखी एक चौकशी सुरू झाली, की हे कुठल्या घराकडून आले. या आजाराचा जनुक १९८९ मध्ये सापडला आणि त्याची सदोष प्रत आई व वडील दोघांकडून आल्याशिवाय मूल आजारी पडत नाही, हे मी किती जणांना सांगितले याची गणती नाही. तरी बोट माझ्याकडेच वळायचे.

आता ज्यासाठी हे पत्र लिहायला घेतले, त्याकडे येते. तुमच्याकडे येण्याआधी एका ठिकाणी आम्हाला छातीची फिजिओथेरपी शिकवली होती. शिकवली म्हणजे दोन मिनिटांत दाखवली. लेकीला मांडीवर पालथे, डोके खाली लोंबकळते ठेवून, पाठीवर भराभर चापट्या मारल्या. ती किंचाळली, नुकतेच प्यायलेले दूध ओकली, आणि शिकवणाऱ्याने हात पुसत सांगितले, "असं रोज दोनदा करायचं, रडली तरी करायचं." घरी मी तीन दिवस प्रयत्न केला. चौथ्या दिवशी तिने माझा उगारलेला हात पाहिला आणि डोळे घट्ट मिटून घेतले. ताई, दीड वर्षाच्या मुलीने आईचा हात पाहून डोळे मिटले. त्यानंतर माझा हात तिच्या पाठीवर पडेना. कफ साठत गेला, दोनदा तिला दाखल करावे लागले, आणि दोन्ही वेळा मला माहीत होते की यात माझ्या भित्र्या हातांचा वाटा आहे.

तुमच्या खोलीत आम्ही आलो तेव्हा जुलै होता. धायरीहून स्वारगेटपर्यंत बसमध्ये ती सारखी खोकत होती, आणि पुढच्या बाकावरच्या बाईंनी नाकाला पदर लावून "आजारी पोरांना घरी ठेवावं" असे मला ऐकवले होते. हा आजार एकाचा दुसऱ्याला लागत नाही हे सांगण्याचे त्राण माझ्यात त्या दिवशी नव्हते. तुम्ही तिला तपासलेत, स्टेथोस्कोपचे टोक आधी तळहातावर चोळून ऊन केलेत, आणि मला म्हणालात, "चला आई, आता तुम्ही करून दाखवा." मी हात पाठीमागे नेले. तुम्ही ते पाहिलेत. तुम्ही चिडला नाहीत, समजावत बसला नाहीत, "घाबरू नका" हा मला पाठ झालेला शब्दही उच्चारला नाहीत. एवढेच विचारलेत, "आधी कुणी शिकवलं होतं का?" मी मान हलवली. मग तुम्ही स्टूल ओढलेत, माझ्याकडे पाठ करून बसलात, वेणी खांद्यावरून पुढे घेतलीत आणि म्हणालात, "आधी माझ्या पाठीवर मारा. मला लागलं तर मी सांगेन. तिला अजून सांगता येत नाही ना."

लोकांनी आमच्याकडे पाठ फिरवलेली मी पुष्कळ पाहिली होती. कोणी आपली पाठ अशी माझ्या हाती दिलेली पहिल्यांदाच पाहिली.

मी अंगठी काढली आणि बांगड्यांपाशी थांबले. काचेच्या बांगड्या, शेजारी सासूबाई बसलेल्या, आणि घरातले एवढे सगळे आजारपण. त्या हातातून उतरवायला माझे मन घेईना. तुम्ही मान वळवून एकदा पाहिलेत, एप्रनच्या खिशातून तुमचा रुमाल काढलात, बांगड्या कोपराकडे सरकवून त्यावर तो घट्ट गुंडाळून बांधलात. दुसऱ्या हाताला लेकीचे लाळेरे बांधलेत. त्याबद्दल एक अक्षर बोलला नाहीत. सासूबाई ते पाहत होत्या, आणि त्या दिवशी तुमच्या खोलीत त्या पुन्हा बोलू लागल्या.

माझी पहिली थाप सपाट पडली, चट्ट आवाज आला. "हा भाकरी थापायचा हात झाला," तुम्ही म्हणालात. "तो विसरा. तीर्थ घेताना हात कसा करता? तसा पोकळ. बोटं मिटलेली, मनगट सैल." मी तसा हात केला, आणि तुमच्या पाठीतून डब्ब असा घुमणारा आवाज आला. "ऐकलंत? आता हात लागत नाही, आतली हवा लागते." मी पुन्हा मारली, पुन्हा, पुन्हा. बाहेरून मावशींनी दोनदा डोकावून पेशंट खोळंबल्याचे सांगितले, आणि तुम्ही वळूनही न पाहता म्हणालात, "येते, आईचा हात बसतोय." मला वाटते मी वीस मिनिटे तरी तुमच्या पाठीवर थापा मारत असेन. त्यातल्या पहिल्या काही तुम्हाला नक्की लागल्या असतील. तुम्ही तसे सांगितले नाहीत, फक्त "अजून पोकळ" एवढेच म्हणत राहिलात.

मग लेकीला मांडीवर कुशीवर निजवले, डोके खाली न लोंबवता. लहान मुलांत पोटातले वर येते म्हणून ती जुनी पद्धत आता टाळतात, हे तुम्ही जाता जाता सांगितलेत. माझ्यासाठी मात्र तो निर्दोषत्वाचा निकाल होता, कारण ती ओकली यात तिचा हट्ट नव्हता आणि माझा हातही नव्हता. पातळ टॉवेलवरून मी तिच्या बरगड्यांवर थाप दिली. तिने डोळे मिटले नाहीत. तळहाताखाली कफाची घरघर मला जाणवली, जशी जात्यावर हात ठेवल्यावर जाणवते, आणि थोड्या वेळाने ती घरघर वर सरकली, ती खोकली, कफ गिळला, आणि माझ्या मांडीवर गाल टेकवून तशीच पडून राहिली. त्या खोलीत कोणी रडले असेल तर ती मी होते.

घरी आता आमचा दिवस पावणेसहाला सुरू होतो. आधी नेब्युलायझरवर मिठाचे पाणी, मग थापा, मग दूध. तुमचा उपाशीपोटीचा नियम एकदाही मोडलेला नाही. पचनाच्या कॅप्सूलचे दाणे सफरचंदाच्या गरातून जातात, आणि उन्हाळ्यात सगळ्या जगाला मीठ कमी खा म्हणून सांगतात तेव्हा आम्ही तिच्या लिंबू सरबतात मुद्दाम जास्त घालतो. आरशावर वाफ उमटवतो तसा जोरात श्वास सोडायला तुम्ही शिकवले होते, तो तिला आता जमतो, आणि आमच्या कपाटाचा आरसा तिच्या उंचीपर्यंत कायम धुरकट असतो. परवा सकाळी मला ऑफिसची घाई होती. मी तिला मांडीवरून उठवू लागले, तर म्हणाली, "आई, डावी बाजू राहिली." ज्या मुलीने माझा हात पाहून डोळे मिटले होते, ती मुलगी आता उरलेल्या थापा मागून घेते.

हा आजार बरा होत नाही हे मला माहीत आहे. मुळाशी काम करणारी तीन औषधांची एकत्र गोळी अमेरिकेत २०१९ मध्ये मंजूर झाली, काही जनुकदोषांवर ती फार गुणकारी आहे, पण तिची किंमत आमच्यासारख्या घरांच्या हिशेबात बसत नाही. ती बसेल त्या दिवसापर्यंत लेकीची फुप्फुसे शक्य तितकी चांगली ठेवायची आहेत, आणि त्यासाठी माझ्याजवळ जे आहे त्यात हे दोन हात मोठे आहेत.

तुमच्यानंतर मला चांगली माणसे ओळखता यायला लागली, हेही लिहायला हवे. ती फार बोलत नाहीत. आमच्या बालवाडीच्या बाई खडूची धूळ उडू नये म्हणून फळा ओल्या फडक्याने पुसतात. मी विनंती केली नव्हती, त्यांनी तिचा खोकला ऐकला होता. सोसायटीतल्या मुलांनी दिवाळीत फटाके मागच्या मोकळ्या जागेत नेले आणि आमच्या दारावर येऊन उपकार केल्यासारखे सांगितले नाही. रिक्षावाले एक काका रस्त्याच्या कामापाशी आले की स्वतः उतरून बाजूचे पडदे सोडतात. अशा माणसांना समोरच्याची अडचण दिसते, आणि ती दिसली हे जाणवू न देता ही माणसे ती दूर करतात. पदव्या, मोठी पाटी, चकचकीत प्रतीक्षागृह यांचा त्याच्याशी संबंध नसतो, हे मी तीन ठिकाणी पैसे भरून शिकले.

ताई, एक गोष्ट कबूल करायची राहिली. तुमचा तो रुमाल माझ्याकडेच आहे. त्या दिवशी गडबडीत तसाच हाताला बांधलेला घरी आला, आणि नंतर प्रत्येक तपासणीला मी तो धुऊन, घडी करून पर्समध्ये घेऊन येत होते, पण बाहेर काढला नाही. निळ्या काठाचा आहे, आता फार मऊ पडला आहे, एका कोपऱ्याची शिवण उसवली होती ती सासूबाईंनी घालून दिली. रोज सकाळ-संध्याकाळ बांगड्या वर सरकवून मी तोच बांधते. पुढच्या महिन्यात येताना तुमच्यासाठी नवे रुमाल आणीन, सासूबाईंनी लक्ष्मी रस्त्यावरून निवडून आणले आहेत. हा मात्र माझ्याकडे राहू द्या.

आपली कृतज्ञ,
एक आई
धायरी, पुणे