मोठ्या कुत्र्यांना मुसके सक्तीचे करा
महोदय,
रत्नागिरीजवळच्या भाट्ये समुद्रावर संध्याकाळी मुले आणि वृद्ध फिरत असतात, आणि त्यांच्यामधूनच काही मालक आपली धिप्पाड कुत्री साखळीशिवाय मोकळी सोडतात. घाबरून मूल पळू लागले की कुत्राही मागे धावतो, आणि मालक लांबूनच ‘तो काही करत नाही’ असे सांगत राहतो. पाळीव जनावरापासून जिवाला धोका किंवा गंभीर दुखापत होऊ नये यासाठी पुरेशी काळजी न घेणाऱ्यास भारतीय न्याय संहितेच्या कलम 291 नुसार 6 महिन्यांपर्यंत कैद, 5,000 रुपयांपर्यंत दंड किंवा दोन्ही होऊ शकतात. पण या कलमाची आठवण बहुधा चावा घेतल्यानंतरच होते. म्हणून नगरपरिषदा व ग्रामपंचायतींनी किनारा, बाजार, एसटी स्थानक येथे मोठ्या कुत्र्यांना साखळी व मुसके सक्तीचे करावे आणि रेबीज लसीच्या दाखल्याशिवाय नोंदणी करू नये. मुसके मात्र जाळीदारच हवे, कारण कुत्रा तोंड उघडून धापा टाकतच अंगातील उष्णता कमी करतो आणि कोकणच्या दमट उन्हात तोंड आवळणारा पट्टा त्या मुक्या जिवावर बेतू शकतो. पर्यटकांची गर्दी सुरू होण्यापूर्वी हे नियम किनाऱ्यावरील फलकांवर लागावेत, ही विनंती.
– एक वाचक, रत्नागिरी