टक्के लिहिले म्हणजे वाटणी झाली नाही

मा. संपादक,
स.न.वि.वि.

बँक खात्याला १ नोव्हेंबर २०२५ पासून चार नॉमिनी देता येऊ लागले. ठेवीतला कोणाला किती टक्के, तेही अर्जातच लिहायचे. सोय चांगलीच आहे. पण थोरल्याला ४०, धाकट्याला ४०, मुलीला २० असे आकडे भरून आलेल्या माणसाला मृत्युपत्राचे काम उरकले असे वाटणार, आणि पुढच्या दाव्याची तयारी तिथेच होणार.

नॉमिनी म्हणजे मालक नव्हे. सर्वोच्च न्यायालयाने हा मुद्दा सरबती देवी खटल्यात १९८३ सालीच निकाली काढला. दहा-दहा हजारांच्या दोन विमा पॉलिसी, नॉमिनी पत्नी, मृत्युपत्र नाही. मागे आई, पत्नी आणि मुलगा. रक्कम घेण्याचा अधिकार पत्नीचा, पण मालकी तिघांची समान, असा निकाल लागला. (विमा कायद्यात २०१५ साली आई-वडील, पती-पत्नी व मुले नॉमिनी असल्यास वेगळी तरतूद आली; त्यामुळे आजच्या पॉलिसीला हा निकाल डोळे झाकून लावू नये.) बँक ठेवींबाबत २०१० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने तेच सांगितले. घोळ झाला तो शेअर्सचा. त्याच वर्षी मुंबई उच्च न्यायालयाच्या एकसदस्यीय पीठाने नॉमिनीच शेअर्सचा मालक असे ठरवले. खंडपीठाने २०१६ मध्ये ते मत खोडले आणि सर्वोच्च न्यायालयाचे शिक्कामोर्तब १४ डिसेंबर २०२३ रोजी झाले. मधल्या काळात किती कुटुंबांनी पहिल्या निकालावर विसंबून व्यवहार उरकले असतील, कोण जाणे.

फ्लॅटच्या बाबतीत तर सोसायट्यांच्या कमिट्याच गोंधळ वाढवतात. संस्थेने नॉमिनीच्या नावे हस्तांतर करावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा २०१६ चा (इंद्राणी वाही खटल्यातला) निकाल सगळ्यांना तोंडपाठ असतो. वारसांचा हक्क त्याने संपत नाही, हे त्याच निकालात आहे. ते कोणी वाचत नाही. महाराष्ट्राने २०१९ मध्ये सहकार कायद्यात कलम १५४ब-१३ घालून नॉमिनीला वारस ठरेपर्यंत फक्त तात्पुरता सभासद केले. तरी शेअर सर्टिफिकेटवर नाव चढले की भाऊ फ्लॅट विकायला काढतो आणि बहिणीला ते दलालाकडून कळते.

ज्याला वाटणी आपल्या मनासारखी हवी, त्याने मृत्युपत्रच करावे. स्टॅम्प पेपर लागत नाही, नोंदणीची सक्ती नाही. आपली सही आणि दोन साक्षीदारांच्या सह्या पुरतात. वाटा मिळणाऱ्याला मात्र साक्षीदार करू नये.

रिझर्व्ह बँकेने एवढे करावे : टक्केवारीच्या रकान्याखालीच, मराठीत आणि ठळक अक्षरांत, ‘नॉमिनीला रक्कम मिळते ती वारसांच्या वतीने’ असे छापणे बँकांना बंधनकारक करावे.

– एका गृहनिर्माण संस्थेचा माजी सचिव, ठाणे