मजकूर कोडबाहेर काढा, पण कुंपण घालून

माननीय संपादक,
स. न. वि. वि.

पावसाळा तोंडावर आला की कोकण किनाऱ्यावरची निम्मी माहिती काही आठवड्यांत शिळी होते. सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या थांबतात, गेटवे-मांडवा प्रवासी लाँच बंद होतात, १ जून ते ३१ जुलै यांत्रिक मासेमारीला बंदी असते, रेल्वेचे पावसाळी वेळापत्रक लागते. होमस्टे, फेरीबोट, जलक्रीडा यांच्या आरक्षणाच्या अनेक वेब अ‍ॅप्लिकेशनवर मात्र मे महिन्याचेच दर आणि वेळा दिसत राहतात. याचे कारण मालकाचा आळस नव्हे. मजकूर थेट कोडमध्ये लिहिलेला असतो आणि एक ओळ बदलायलाही डेव्हलपरला गाठावे लागते.

यावर उपाय म्हणून आख्खे अ‍ॅप मोडून वर्डप्रेसवर (संकेतस्थळाचा मजकूर सांभाळणाऱ्या तयार प्रणालीवर) नेण्याचा सल्ला सर्रास दिला जातो. चालू आरक्षण व्यवस्थेला तो झेपत नाही, आणि त्याची गरजही नसते. डेटाबेसमध्ये मजकुराचे एक वेगळे टेबल पुरते. त्यात मजकुराची ओळखखूण, भाषा, मजकूर, कच्चा की प्रसिद्ध, कधीपासून कधीपर्यंत दाखवायचा, कोणी आणि केव्हा बदलला, एवढे रकाने हवेत. बदल करताना जुनी ओळ पुसू नये, नवी घालावी. म्हणजे चूक झाली की मागची आवृत्ती एका क्लिकवर परत येते.

दर मात्र परिच्छेदात लिहू देऊ नयेत. तसे केले की वर्णनात २,२०० रुपये दिसतात, बिल २,५०० चे होते आणि पर्यटक दारात उभा राहून भांडतो. आकडा एकाच ठिकाणी, आकड्याच्या रकान्यात ठेवावा. वर्णनाने तो तिथूनच उचलावा. रद्द करण्याचे व परताव्याचे नियम एकाने लिहावेत, दुसऱ्याने मंजूर करावेत. हा मंजुरीचा अधिकार सर्व्हरवर, म्हणजे ज्या संगणकावरून अ‍ॅप चालते तिथे, तपासला जायला हवा, नुसते बटण लपवून भागत नाही.

मजकूर लिहिण्याच्या चौकटीत ठळक अक्षर, उपशीर्षक, यादी आणि लिंक एवढेच द्यावे. वर्डमधून चिकटवलेल्या मजकुराबरोबर फॉन्ट, रंग, मापे असा ढीगभर कचरा येतो आणि मोबाइलवर पान फाटते. त्याहून गंभीर म्हणजे त्यातून स्क्रिप्ट, म्हणजे आपोआप चालणारा कोड, शिरली तर ती लॉगिन केलेल्या पर्यटकाच्या ब्राउझरमध्ये चालते. म्हणून परवानगी दिलेले टॅग (मजकुराला ठळक, यादी असे रूप देणाऱ्या खुणा) तेवढे ठेवून बाकी सगळे सर्व्हरवरच गाळावे.

मराठीसाठी जास्त काळजी लागते, आणि बाहेरून आणलेली तयार साधने इथेच फसतात. जुन्या कृतिदेव किंवा श्रीलिपी फॉन्टमधला मजकूर चिकटवला की पडद्यावर रोमन अक्षरांचा गोंधळ दिसतो. तो आधी युनिकोडमध्ये, म्हणजे सगळ्या लिप्यांसाठीच्या सामाईक संकेतप्रणालीत, बदलावा लागतो. पानाचा पत्ता तयार करताना ‘फक्त अक्षरे ठेवा’ असा नियम लावला तर काना-मात्रा उडतात, कारण युनिकोडमध्ये त्यांची गणना अक्षरांत नसून चिन्हांत होते. मग ‘देवगड’चे ‘दवगड’ आणि ‘मालवण’चे ‘मलवण’ होते. ‘दऱ्या’ हा शब्द तर दोन तऱ्हांनी टंकला जातो. त्यातल्या एका तऱ्हेत र आणि हलन्ताच्या पुढे न दिसणारे जोडचिन्ह असते. कचरा समजून ते काढले की ‘दऱ्या’चा ‘दर्या’ होतो, म्हणजे सह्याद्रीतल्या दऱ्या थेट समुद्रात! साठवतानाच सगळे एका रूपात आणावे, नाहीतर शोधही लागत नाही. मायएसक्यूएल या डेटाबेसमध्ये अक्षरे साठवण्याची ‘यूटीएफ८एमबी४’ ही पद्धत निवडावी. नुसत्या जुन्या ‘यूटीएफ८’मध्ये देवनागरी बसते, पण व्हॉट्सअ‍ॅपवरून आलेल्या मजकुरातला एखादा इमोजी साठवणीत अडतो किंवा त्याच्यापुढचा मजकूर कापला जातो.

वेळेची चूक तर हमखास होते. सर्व्हरचे घड्याळ बहुधा जागतिक वेळेवर असते, आपण साडेपाच तास पुढे. ‘१ जून, मध्यरात्री’ अशी घातलेली सूचना रूपांतर न करता साठवली तर ती पहाटे साडेपाचला उगवते. तोवर पहाटेच्या फेरीसाठी निघालेला माणूस कालचेच वेळापत्रक पाहून जेटीकडे वळलेला असतो. प्रसिद्ध केल्यावर पान लवकर उघडावे म्हणून साठवलेली त्याची प्रतही पुसली गेली पाहिजे, नाहीतर मजकूर बदलूनही जुनाच दिसतो.

पावसाळ्यात वीज आणि नेटवर्क दोन्ही बेभरवशाचे. कच्चा मजकूर दर अर्ध्या मिनिटाला ब्राउझरमध्येच जपला जावा. दोघांनी एकच पान उघडले असेल, तर नंतर जतन करणाऱ्याला ‘मधल्या काळात बदल झाला आहे’ असे सांगून थांबवावे. मोबाइलचे चार-पाच एमबीचे फोटो चढवतानाच १,२०० पिक्सेल रुंदीवर आणावेत.

नवे काम देणाऱ्या पर्यटन व्यावसायिकांना आणि ग्रामपंचायतींना विनंती, की शेवटचा हप्ता देण्यापूर्वी डेव्हलपरला समोर बसवून तीन गोष्टी करून पाहाव्यात: दोन्ही तऱ्हांनी ‘दऱ्या’ टंकून तो शोधणे, पाच मिनिटांनंतरची सूचना लावून ती वेळेवर दिसते का पाहणे, आणि एक परिच्छेद मुद्दाम बिघडवून मागची आवृत्ती परत आणणे. यातली एक जरी गोष्ट जमली नाही तरी हप्ता रोखावा.

आपला,
एक सॉफ्टवेअर अभियंता, रत्नागिरी