टेप, खुर्ची आणि वजनकाटा

ती. आई-बाबांना सा. न.

बाबा, तीन किलो उतरले म्हणून तुम्ही खूश आहात. पण खाणंपिणं, चालणं काहीही न बदलता उतरले असतील, तर आधी डॉक्टरांच्या कानावर घाला. चरबी गेली की स्नायू, हेही पाहायला हवं. उतारवयात स्नायू झडतात आणि ते काट्याला कळत नाही. बीएमआयलाही कळत नाही. तो म्हणजे वजन भागिले उंचीचा वर्ग, बस्स.

पुण्याच्या केईएम रुग्णालयाचे डॉ. चित्तरंजन याज्ञिक आणि इंग्लंडचे डॉ. जॉन युडकिन यांचा फोटो २००४ साली ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात छापून आला होता. दोघांचाही बीएमआय २२.३. चरबी मात्र युडकिन यांची ९.१ टक्के, याज्ञिकांची २१.२! आपली माणसं अंगानं बारीक दिसली तरी चरबी पोटाशी साठलेली असते.

म्हणून आईच्या शिवणाच्या डब्यातली टेप काढा. जुनी कापडी टेप ताणून लांबते, तेव्हा आधी पट्टीशी ताडून बघा. सकाळी, काही खाण्याआधी, शेवटची बरगडी आणि कमरेच्या हाडाची वरची कड चाचपा. दोन्हींच्या मधोमध, उघड्या अंगावर, टेप सगळीकडून आडवी ठेवून मोजा. श्वास सहज सोडलेला हवा, पोट आत ओढायचं नाही. पँटीच्या मापावर जाऊ नका, पँट पोटाखाली बसते. बाबांना ९० सेंटिमीटर आणि आईला ८०, याच्या आत राहायला हवं.

मग पोटरी. खुर्चीत बसून, पावलं जमिनीला टेकवून, सगळ्यांत जाड भागाचा घेर घ्या, टेप मांसात रुतू न देता. बाबांचा ३४ किंवा आईचा ३३ सेंटिमीटरपेक्षा कमी भरला, तर स्नायू घटल्याची शंका घ्यायची. आई, तुझे पाय संध्याकाळी सुजतात, तेव्हा हेही सकाळीच. सुजेनं माप फुगतं.

शेवटी ताकद. बिनहाताची खुर्ची भिंतीला टेकवा, हात छातीवर, पाच वेळा उठा-बसा. १२ सेकंद किंवा जास्त लागले तर डॉक्टरांना सांगा. गुडघा दुखत असेल त्या दिवशी हे नकोच.

चरबी दाखवणारा काटा घ्यायचा का, असं विचारलं होतंत. तो तळपायातून अगदी सौम्य वीज सोडतो. स्नायूंत पाणी असल्यानं ती तिथून सहज जाते, चरबी तिला अडवते. बाकी हिशेब वय-उंचीच्या सूत्रानं. त्यामुळे अंगातलं पाणी कमी-जास्त झालं की आकडा बदलतो. निर्जळी उपासानंतर चरबी उगाच जास्त दिसते, तळपाय कोरडे, भेगाळलेले असले तरी तसंच होतं. पोटाचा तर तो नुसता अंदाज करतो. एका दिवसाच्या आकड्यावर जाऊ नका, महिन्यातून एकदा, त्याच वेळी बघा. शेजारच्या काकांना पेसमेकर आहे, त्यांना त्यावर उभं करू नका.

डेक्सा, म्हणजे क्ष-किरणांनी हाडं, चरबी, स्नायू मोजणारी तपासणी, जास्त भरवशाची. पण हाडांसाठी करतात ती बहुधा फक्त खुबा आणि मणक्याची असते. चरबी-स्नायूंसाठी ‘पूर्ण शरीराची’ असं आधीच सांगावं लागतं.

रविवारी फोन करते, तेव्हा दोघांची कंबर आणि पोटरी लिहून ठेवलेली असू दे.

तुमची,
मनू