बाबा, मशीन आईच्या कपाटात
प्रिय आई-बाबा,

परवा व्हिडिओ कॉलवर बघितलं ना मी, बाबा शर्टाच्या बाहीवरूनच बीपीच्या मशीनचा पट्टा गुंडाळून बसलेले, आई मागून किती आलं किती आलं करतेय आणि बाबा मशीन चालू असतानाच तिला उत्तर देतायत. १६२ आलं. लगेच परत लावलं तर १७१. तिसऱ्यांदा लावणार तेवढ्यात मीच ओरडले.

बाबा, आकड्याची धास्ती घेतली की शरीरात अ‍ॅड्रेनालिन सुटतं, धडधड वाढते, रक्तवाहिन्या आवळतात आणि बीपी चढतं, मग तो आकडा बघून धास्ती अजून वाढते. तुम्ही दिवसातून दहा वेळा मोजताय म्हणजे दहा वेळा स्वतःलाच घाबरवताय. असं चढलेलं बीपी जरा शांत बसलं की उतरतं. डॉक्टरांसमोर बसल्यावरच बीपी वाढणारे इतके आहेत की त्याला व्हाइट कोट हायपरटेन्शन असं नावच पडलंय.

आता आई म्हणेल, बघा, नुसतं टेन्शन आहे, गोळी कशाला. नाही आई! हायपरटेन्शन म्हणजे वाढलेलं बीपीच, नावात टेन्शन असलं तरी एकदम निवांत माणसालाही बीपी असतं आणि बहुतेकांना काही जाणवत पण नाही. त्यात सतत काळजी करणाऱ्याची झोप जाते, फिरणं सुटतं, सिगारेट वाढते (बाबा, गच्चीवरचं मला माहितीये), त्याने अजून बिघडतं. डॉक्टरांना विचारल्याशिवाय गोळी बंद करायची नाही.

मोजायचं सकाळी गोळीच्या आधी आणि संध्याकाळी, बस. आधी अर्धा तास चहा-कॉफी, सिगारेट नको, लघवीला जाऊन यायचं, मग पाठ टेकून पाय जमिनीवर ठेवून पाच मिनिटं गप्प बसायचं, पट्टा उघड्या दंडावर, हात टेबलावर छातीच्या उंचीला. मिनिटभराने परत एकदा, दोन्ही वेळचे आकडे वहीत लिहायचे. आई तेव्हा दुसऱ्या खोलीत. आठवडाभराची सरासरी १३५/८५ किंवा त्याच्या वर आली तर वही घेऊन डॉक्टरांकडे, आणि ही रोजची धास्तीही त्यांना सांगा, तिच्यावरही इलाज असतो. एकट्यादुकट्या १५० ला घाबरायचं नाही. पण १८०/१२० च्या वर गेलं आणि सोबत छातीत दुखतंय, दम लागतोय, बोलताना जीभ अडखळतेय असं काही असलं तर मला फोन करत बसू नका, सरळ हॉस्पिटल गाठा.

बाकी वेळ मशीन आईच्या कपाटात, किल्ली तिच्याकडेच.

रविवारी फोन करते. मी बीपी विचारणार नाही, तुम्हीही काढू नका.

तुमची,
ओरडणारी लेक