नवीन मशीन आल्या, शिकवणार कोण?

मा. संपादक साहेब,

रस्त्यांच्या कामाच्या बातम्या पेपरात रोज असतात, किती किलोमीटर झाले, उद्घाटन कधी, पण मशीन बंद पडल्यावर रात्री तोंडात टॉर्च धरून खाली झोपणाऱ्या मेकॅनिकबद्दल काही येत नाही म्हणून लिहितोय. मी सिन्नर-संगमनेर पट्ट्यात जेसीबी, लोडर, ग्रेडरची कामं करतो.

१ जानेवारी २०२५ पासून चाकांवरच्या नवीन मशीनला स्टेज फाइव्ह, म्हणजे धुराचे नवे कडक नियम, लागू झाले. धूर कमी झाला, बरंच झालं, तो आधी आमच्याच नाकात जायचा. पण आता धुराच्या वाटेत डीपीएफ, म्हणजे काजळी अडवणारा फिल्टरचा डबा, बसवतात, त्यात काजळी साठते आणि ती नीट जळायला ५५०-६०० डिग्रीची उष्णता लागते. ऑपरेटर एसीसाठी तासतासभर मशीन नुसती चालू ठेवतो, आयडलिंगला तेवढं तापत नाही, मग दिवा लागतो, ह्याला वाटतं काहीतरी बिघडलं आणि नेमकी काजळी जळत असतानाच चावी बंद करतो. त्यात मालकाने स्वस्तातलं ऑइल आणलेलं, लो-अ‍ॅश म्हणजे कमी राख करणारं नाही, आणि ऑइलची राख काही जळत नाही, ती साठतच जाते. शेवटी मशीन पॉवर सोडते आणि फोन मला. मालक म्हणतो "कापून टाक ना तो डबा, सरळ पाइप लाव", अरे पण सेन्सर गप्प बसतो का, आणि बेकायदेशीर आहे ते वेगळंच. नाही म्हटलं की दुसरा मेकॅनिक गाठतात. कंपनीचा माणूस लॅपटॉप घेऊन येईपर्यंत रोलर, डंपर सगळं उभं, शिव्या मात्र मला.

आधी काळा धूर दिसला की एअर फिल्टर नाहीतर नोझल बघायचो, निळा असला की रिंग. आता मशीनमधला कॉम्प्युटर बिघाडाचा जो कोड देतो तो वाचता आला पाहिजे आणि तो वाचायचं मशीन माझ्याकडे नाही.

आयटीआयला मेकॅनिक डिझेलचा वर्षाचा ट्रेड आहे, पण आम्ही कामावरची माणसं वर्षभर कुठे बसणार, खाडा झाला की पैसे गेले. पावसाळ्यात मातीकाम थंड असतं तेव्हा आम्हीही मोकळे असतो, जुलै-ऑगस्टमध्ये आठ-दहा दिवसांचा कोर्स तालुक्याच्या आयटीआयमध्ये ठेवा, फी भरू आम्ही. आणि कंपन्यांनी फॉल्ट कोडची यादी मराठीत छापून मशीनसोबत द्यावी, त्यात पहिल्याच पानावर डीपीएफच्या दिव्याचं लिहावं, कारण दुसरं पान ऑपरेटर उलटत नाही.

– एक मेकॅनिक, सिन्नर, जि. नाशिक