फलकावर नावं नसलेल्यांचे आभार

आमच्या रुग्णालयात जबडा मोडलेला माणूस आला की पूर्वी त्याला मोठ्या शहरात पाठवावं लागे. आज तो इथेच बरा होतो आणि तरुण डॉक्टर हे काम इथेच शिकतात. श्रेय आम्हा सर्जनना मिळतं, पण ते सगळं आमचं नाही.

रात्रपाळीच्या सिस्टर, तारांनी जबडा बांधलेल्या प्रत्येक रुग्णाच्या उशाशी तुम्ही वायर कटर ठेवलात. उलटी झाली, श्वास अडला, तर तारा तत्क्षणी कापाव्या लागतात. नव्या डॉक्टरांना हे आधी तुम्ही शिकवलंत. दंत प्रयोगशाळेतल्या दादांनी प्लास्टरचे जबडे ओतून दिले, त्यांवर शिकणाऱ्या मुलांनी आर्च बार, म्हणजे दातांच्या रांगेला तारेने बांधायची धातूची पट्टी, बसवायचा सराव केला. वरखालचे दात पूर्वीसारखे जुळले तरच हाड जागेवर आलं म्हणायचं, हे तो साचा हातात धरल्यावर जसं कळतं तसं पुस्तकातून नाही. १०८ रुग्णवाहिकेतल्या मंडळींनी मान सांभाळत जखमींना कुशीवर आणलं, घशात रक्त साचू दिलं नाही. स्वयंपाकघरातल्या मावशींनी ४-६ आठवडे पेज गाळून दिली, वर आठवणीने तूप घातलं!

आणि टाक्यांनी भरलेला चेहरा शिकणाऱ्यांना पुन्हा पुन्हा पाहू देणारे रुग्ण! तुमच्या संमतीशिवाय हा विभाग उभाच राहिला नसता. तुम्हा सर्वांचे मनापासून आभार.